फ्लॅटमध्ये झाडे, बांबू आणि माती आणताना या चुका टाळा

घरात हिरवीगार झाडे, वेताच्या खुर्च्या आणि मातीची भांडी असली की मनाला निवांतपणा मिळतो, हा अनुभव अनेकांचा आहे. परंतु मुंबई-पुण्यातील कितीतरी घरांत पावसाळा सरेपर्यंत याच वस्तूंना बुरशी धरते, पाने पिवळी पडतात आणि खोलीत कुबट वास येऊ लागतो. दोष बहुधा वस्तूंचा नसतो. घरात ऊन कोठे येते, वारा कोठून खेळतो आणि ओल कोठे साचते, हे न पाहताच खरेदी केलेली असते.

सर्वाधिक झाडे मरतात ती अतिपाण्याने. पान पिवळे दिसले की झाड तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि मुळे कुजतात. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर स्नेक प्लांट किंवा मनी प्लांटला त्या दिवशी पाणी घालूच नये. माती ओली असूनही पाने मलूल दिसत असतील, तर झाड अलगद कुंडीबाहेर काढावे. निरोगी मूळ टणक आणि पांढरट असते, तर कुजलेले मूळ तपकिरी व लिबलिबीत असून ओढताच त्याची साल बोटांत येते. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून झाड निचरा होणाऱ्या नव्या मातीत लावल्यास ते पुष्कळदा सावरते. कुंडीखालच्या ताटलीकडेही लक्ष हवे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून ताटली नुसती रिकामी न करता दर आठवड्याला घासून धुवावी.

तुळस दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जगत नाही. तिला रोज काही तास थेट ऊन लागते, त्यामुळे तिची जागा खिडकीच्या ग्रिलमध्येच.

झाडे लावली की खोलीतील हवा शुद्ध होते, हा समज मात्र फार पसरला आहे आणि त्यापायी लोक खिडक्या बंद ठेवतात, याची खरोखर काळजी वाटते. या समजाचे मूळ नासाच्या 1989 च्या अभ्यासात आहे, पण ते प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. अशा प्रयोगांचा 2019 मध्ये फेरआढावा घेतला गेला, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान 10 झाडे लागतील, असे दिसून आले. म्हणजे झाडे डोळ्यांसाठी आणि मनासाठी जरूर ठेवावीत, हवेसाठी मात्र समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.

बांबूच्या वस्तूखाली पिवळसर पीठ पडलेले दिसले आणि वर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे असली, तर आतील पिष्टावर भुंगेऱ्याच्या अळ्या पोसल्या जात आहेत असे समजावे. वरून व्हार्निश मारल्याने त्या मरत नाहीत. लहान टोपली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी. मोठे फर्निचर असेल तर तातडीने इतर लाकडापासून दूर करून कीडनियंत्रण करणाऱ्याला दाखवावे. नवीन बांबू घेताना तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. वेताचे फर्निचर पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये, मधून हवा जाईल इतकी फट राखावी.

संगमरवरी फरशी किंवा ओटा लिंबाने अथवा व्हिनेगरने पुसू नये. आम्लाने दगडाची चकाकी कायमची उतरते आणि ती परत आणायला पॉलिशवाल्यालाच बोलवावे लागते. रांगते मूल घरात असेल तर डिफेनबेकियाची कुंडी मुळीच आणू नये, कारण त्याचे पान चावल्यास तोंडाची भयंकर आग होऊन जीभ सुजते. मांजर पाळणाऱ्यांनी लिलीची फुले फुलदाणीतसुद्धा ठेवू नयेत. लिलीचे परागकण चाटले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.