ओळ ३१२ वर जा आणि परतही या

टीममध्ये नवीन पोरं आली की मी मागे उभी राहून एकच बघते: कोडच्या फाइलमध्ये एरर ३१२व्या ओळीवर आहे म्हटल्यावर हात कुठे जातो. बहुतेकांचा माऊसच्या चाकावर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रांगत ऑफिस गाठायचं आणि मग फाइलमध्येही रांगायचं?

व्हीएस कोड या एडिटरमध्ये (कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये) कंट्रोल-जी, आकडा, एंटर. फाइल दुसरी असेल तर कंट्रोल-पी दाबून फाइलचं नाव, कोलन आणि आकडा सलग लिहा. झालं.

विमला, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरला, जरा जास्त वेळ द्या, कारण क्लायंटच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून काम करायच्या सोयीने) शिरलात की बरेचदा तेवढंच हाताशी असतं. आधी एस्केप, नाहीतर आकडा कोडमध्येच उमटेल. मग ३१२ टाइप करून कॅपिटल जी. झेड दोनदा दाबलं की ती ओळ पडद्याच्या मधोमध येते. कोलन, ३१२, एंटर हेही चालतं, पण मी जी-वालीच आहे. जी-ने मारलेली उडी विम लक्षात ठेवतं, कोलनवाली ठेवत नाही. म्हणजे कंट्रोल-ओ दाबलं की जिथून निघालात तिथे परत, आणि कंट्रोल-आयने पुन्हा पुढे. जायला सगळेच शिकतात. परत यायचं मात्र कोणी शिकवत नाही, आणि दिवसभर लागतं तेच.

फाइल उघडतानाच थेट पोचायचं असेल तर विम, स्पेस, अधिकचं चिन्ह, त्याला चिकटून ३१२, मग फाइलचं नाव. टर्मिनलमधला दुसरा एडिटर नॅनो, त्यालाही हे कळतं.

आता आकड्याचा भरवसा. वर चार ओळी घातल्या की खालचे सगळे आकडे चारने सरकतात. सदाशिव पेठेतला माणूस घरक्रमांक नाही सांगत, ‘मारुतीपासून तिसरं’ सांगतो, ते उगाच नाही. म्हणून लिंटरच्या (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलच्या) तक्रारींची यादी हातात असेल तर खालून वर दुरुस्त करत या. वरचे आकडे हलत नाहीत. (कंपायलरच्या, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, एररना हे लावू नका. तिथे पहिली आधी, बाकीच्या बरेचदा तिचीच पिल्लं असतात.) पुन्हापुन्हा जायची जागा असेल तर विममध्ये एम आणि ए दाबून खूण करा, आणि अपॉस्ट्रॉफी-ए दाबून तिथे या. ही खूण ओळीबरोबर सरकते.

आणि कोड रिव्ह्यूमध्ये (एकमेकांचा कोड तपासताना) मला नुसतं ‘३१२ बघा’ लिहू नका. फंक्शनचं नाव लिहा.