हरवलेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत आणि रखडलेला फेरफार

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांनी घेतलेल्या शेताचे मूळ खरेदीखत वाड्याच्या पडझडीत नष्ट झाले आणि सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव राहिले. झेरॉक्स जोडून केलेला फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याचा, माझा अर्ज तलाठ्यांनी परत केला, आणि ते योग्यच होते.

दुय्यम निबंधक कार्यालयात मी गट क्रमांकावरून शोध घेतला, पण काहीच सापडले नाही. दस्त जमीन एकत्रीकरणापूर्वीचा, म्हणजे सर्व्हे नंबरांऐवजी गट क्रमांक येण्याआधीचा, असल्यामुळे सूची क्रमांक २ मध्ये (मिळकतींनुसार दस्तांची यादी) त्याची नोंद जुन्या सर्व्हे नंबरखाली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आले. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरचा नव्या गटाशी मेळ दाखवणारा उतारा घेतला, तेव्हा दस्त क्रमांक हाती लागला आणि त्यावरून प्रमाणित प्रत मिळाली. (मराठवाड्यात अशा वेळी १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे त्या वेळची जमिनीची नोंद, हेही अवश्य पाहावे.)

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार सही-शिक्क्याची प्रत मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून ग्राह्य असते. ती प्रत आणि मेळाचा उतारा जोडून मी पुन्हा अर्ज केला. हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीची मुदत संपली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. नवा सातबारा वडिलांनी दोनदा वाचला.