संक्रांतीचं भेटकार्ड : उघडलं की पतंग उभा

काळा रंग हक्काने मिरवावा असा सण म्हणजे संक्रांत. म्हणून हे कार्ड बाहेरून चंद्रकळेसारखं काळं करू, त्यावर हलव्याचे पांढरे दाणे आणि आत उभा राहणारा पतंग.

२२० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए४ मापाचा पांढरा कार्डशीट, त्याहून पातळ काळा कागद, रंगीत घोटीव कागद, स्टीलची पट्टी, कात्री, ग्लू स्टिक आणि शाई संपलेलं बॉलपेन एवढं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ घडीला द्या. कार्ड दुकानातल्यासारखं दिसतं की शाळेतल्या हस्तकलेसारखं, ते तिथेच ठरतं. कागदाला ताणा असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने धावतात. कागद आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, तिकडूनच घडी घाला. उलट्या बाजूने घातली की कडेला पांढऱ्या भेगा पडतात. ए४ अर्धा कापा, १४.८ बाय २१ सें.मी.चा तुकडा मिळेल. २१ च्या मध्यावर पट्टी धरून बॉलपेनाने दाबून कोरी रेघ ओढा आणि रेघ बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घाला. चमच्याच्या पाठीने घडी घासा.

आता कार्ड मिटलेलं असतानाच घडीच्या मधोमध, एकमेकांपासून २ सें.मी. अंतरावर, घडीपासून आत सरळ ३ सें.मी. लांबीचे दोन काप द्या. मधली पट्टी पुढे-मागे दुमडून घ्या. कार्ड काटकोनात उघडून पट्टी बोटाने आत ढकला. छोटी पायरी तयार होते, तीच पतंगाची बैठक.

पतंगासाठी उरलेल्या कार्डशीटचा ४ सें.मी. बाजूचा चौकोन घेऊन त्यावर घोटीव कागद चिकटवा. शेपटीला शिवणाचा दोरा लावा. मांजा अजिबात नको, त्याने पक्षी आणि माणसं जखमी होतात. पायरीच्या फक्त पुढच्या उभ्या भागाला गोंद लावून, खालचं टोक तळाला टेकेल असा पतंग चिकटवा. मोठा पतंग हवा असेल तरी उंची ७ सें.मी.च्या आत ठेवा, नाहीतर कार्ड मिटल्यावर त्याचं टोक बाहेर डोकावेल.

बाहेरचा काळा कागद एका दमात चिकटवू नका. आधी अर्धा भाग चिकटवा, वाळू द्या, मग कार्ड मिटून दुसरा अर्धा चिकटवा. सपाट ठेवून चिकटवलं तर मिटताना आतला कागद फुगतो. पायरीच्या मागे गोंद लागता कामा नये. पातळ कागदावर फेव्हिकॉलने सुरकुत्या येतात, म्हणून ग्लू स्टिकच बरी. वाळल्यावर कडा कापून सारख्या करा.

हलव्यासाठी पांढरा कागद पंचिंग मशीनने पाडा. त्या टिकल्या एकेक चिकटवून हार, बिंदी, बाजूबंद असे हलव्याचे दागिने मांडता येतात. मला स्वतःला एकच हार आणि भोवती मोकळं काळं जास्त आवडतं.

कार्डासोबत तिळाचा लाडू घालू नका, तेल सुटून कागदावर डाग पडतो. काटेरी हलवा बटर पेपरच्या पुडीत चालेल, पण हातोहात देणार असाल तरच. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होतो.

मिटलेलं कार्ड ए६ मापाचं होतं, ते सी६ पाकिटात (११.४ बाय १६.२ सें.मी.) नीट बसतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात टाका. उशीर झालाच तर रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतोच.