या चुका टाळा: दवाखान्याच्या बिलावरून कारखान्यातली सुरक्षा ठरवताना

अपघात टाळण्याचा पैसा आधी कुठे घालायचा, हे ठरवताना उपचारांचा खर्च बघावाच. पण बिलांचा रकाना एक्सेलमध्ये उतरत्या क्रमाने लावायचा आणि त्यालाच प्राधान्यक्रम म्हणायचं, ही घाई मला सहन होत नाही. नवे सेफ्टी ऑफिसर पहिल्याच आठवड्यात हे करतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, केसपुढे शून्य लिहिणं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा उपचार ईएसआयमधून होतो, कंपनीकडे बिल येतच नाही. भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून कापणाऱ्या कारखान्याच्या, यादीत सगळ्यात वर ऑफिसातल्यांची पाठदुखी होती, कारण त्यांचे एमआरआय मेडिक्लेमवर खाजगीत झाले होते. पॉवर प्रेसवर बोटं गेलेले दोघे तळाला होते. खर्च शून्य! बजेट खुर्च्यांवर गेलं. पुढच्या पावसाळ्यात पायाच्या पेडलवर चालणाऱ्या त्याच प्रेसखाली तिसऱ्या पोराची दोन बोटं गेली. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येणार नाही, अशी सोय त्यानंतर बसली. त्या यादीवर माझीही सही होती.

तेव्हापासून बिल नसेल तर मी रकाना कोरा ठेवतो. शेजारी तीन रकाने असतात: पैसे कोणी भरले, किती दिवस कामावर नाही, कायमचं काय गेलं. तीच इजा खाजगीत बरी करायला किती लागले असते, हे ओळखीच्या डॉक्टरांना विचारून पेन्सिलने लिहितो.

उंचावरून पडून माणूस जागीच गेला, तर दवाखान्याचा खर्च जवळपास नसतोच. म्हणून मृत्यू मी रुपयांच्या यादीत घेतच नाही. त्यांचा कागद वेगळा, आणि सेफ्टी कमिटीत आधी तोच वाचायचा.

सरासरीवर विसंबू नका. भाजल्याची एकच मोठी केस सगळं चित्र फिरवते; ती बाजूला काढून गणित पुन्हा करा. सरकारी योजनेने उपचारासाठी आधीच ठरवलेला पॅकेज दर म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च नव्हे. पाच वर्षांपूर्वीची बिलं आजच्या बिलांत तशीच मिसळू नका.

ॲडमिट करताना मिळालेल्या एस्टिमेटवर तर केस कधीच बंद करू नका. स्किन ग्राफ्ट, ड्रेसिंग, फिजिओथेरपी हे सगळं नंतर येतं, आणि रिक्षाभाडं घरचे भरतात. मी सहा महिन्यांनी कामगाराच्या घरी फोन करतो. बहुतेक वेळा फोन बायको उचलते, आणि रजिस्टरमधला आकडा मला खोडावा लागतो.