ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलवरची चाहत्यांची मतं कशी पारखायची

‘ए-लीग मरायला टेकली आहे.’ ‘मटिल्डाजनी सगळं चित्र पालटलं.’ ‘प्रमोशन-रेलिगेशन (खालच्या श्रेणीतला अव्वल संघ वर आणि वरच्या श्रेणीतला तळाचा संघ खाली) आलं की सगळे प्रश्न सुटतील.’ ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलची चर्चा दहा मिनिटं ऐकली तरी ही तिन्ही वाक्यं कानावर पडतात. बोलणाऱ्या तिघांचाही खेळावर जीव असतो आणि तिघंही थोडेफार बरोबर असतात. घोटाळा होतो तो असा, की प्रत्येक जण ‘फुटबॉल’ म्हणताना वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो आणि पुरावा मात्र तिसऱ्याच गोष्टीचा देतो. त्यामुळे एखादं मत उचलून धरण्याआधी किंवा खोडून काढण्याआधी थोडी तपासणी करून घ्यावी.

आधी विचारा: कुठलं फुटबॉल?

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. मेलबर्न, ॲडलेड, पर्थमध्ये ‘फुटी’ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये ‘फुटी’ म्हणजे बहुधा रग्बी लीग. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथले कितीतरी लोक अजून सॉकरच म्हणतात, आणि जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना या शब्दाचा रागही नाही.

मग चार थर वेगळे करा. सगळ्यात वर राष्ट्रीय संघ, म्हणजे पुरुषांचे सॉकरूज आणि महिलांचे मटिल्डाज. त्यांचा कारभार फुटबॉल ऑस्ट्रेलिया पाहते. त्याखाली ए-लीग, म्हणजे क्लबांची सर्वोच्च राष्ट्रीय स्पर्धा, पुरुषांची आणि महिलांची. २०२० च्या अखेरीपासून ती क्लबांच्या स्वतःच्या संस्थेकडे, एपीएलकडे आहे. तिच्याखाली राज्याराज्यांतल्या एनपीएल स्पर्धा. आणि सगळ्यांच्या तळाशी शनिवार-रविवारी मुलं खेळतात ते वस्तीतले क्लब. एका थराची तब्येत पाहून दुसऱ्याचं निदान केलं की हमखास चुकतं. २०२३ च्या महिला विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्याला सिडनीत ७५,७८४ लोक होते. पण त्या संघातल्या बहुतेक खेळाडू युरोपातल्या क्लबांकडून खेळत होत्या, त्यामुळे त्या रात्रीची गर्दी आपोआप देशातल्या महिला लीगच्या सामन्यांना येत नाही. उलट बाजूने पाहिलं, तर ए-लीगचा एखादा हंगाम थंड गेला म्हणून वस्तीतल्या क्लबात नाव घालायला येणारी सात वर्षांची मुलगी थांबत नाही.

तळाच्या थराबद्दल कुणी बोलत असेल, तर प्रेक्षकसंख्या बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: वर्षाची फी किती, मैदानाला प्रकाशझोत आहेत का, आणि मुलींसाठी वेगळी चेंजिंग रूम आहे का. एनपीएल क्लबांच्या युवा संघात मूल घालायचं तर फी अनेक ठिकाणी दोन हजार डॉलरच्या वर जाते. दोन मुलं असलेल्या घराला हा आकडा खेळाबाहेर ढकलू शकतो. मैदानावर दिवे नसतील तर हिवाळ्यात पाचनंतर सराव घेता येत नाही, मग मुलं कितीही आली तरी संघ वाढत नाहीत. २०२३ नंतर मुली मोठ्या संख्येने आल्या आणि चेंजिंग रूमची कमतरता सगळीकडे उघडी पडली. माझ्या मते या देशातल्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

गर्दीचे आकडे वाचताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

ए-लीग २००५ मध्ये सुरू झाली. २००७-०८ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी १४ हजारांच्या वर प्रेक्षक होते, आणि आजची सरासरी तिच्यापुढे ठेवून ‘बघा, निम्म्यावर आलो’ असं म्हटलं जातं. इथे थांबून सामने मोजा. तेव्हा ८ संघ आणि २१ फेऱ्या होत्या, म्हणजे साखळीचे ८४ सामने. २०२४-२५ मध्ये १३ संघ होते आणि प्रत्येकाचे २६ सामने, म्हणजे एकूण १६९. पूर्वीचे तेवढेच प्रेक्षक एवढ्या सामन्यांत वाटले तर सरासरी सुमारे ७ हजारांवर येते. म्हणजे सरासरी निम्मी झाली तरी दारातून आत आलेल्या माणसांची बेरीज तेवढीच राहू शकते. याचा अर्थ सगळं छान चाललं आहे असा मुळीच नाही. दुप्पट सामने करून बेरीज तेवढीच राहणं ही काळजीचीच गोष्ट आहे. पण ‘लोक सोडून गेले’ आणि ‘नवे लोक आले नाहीत’ ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

दुसरी चूक डोळ्यांची. ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियममध्ये ५२ हजारांवर लोक मावतात. ॲडलेडचं हिंडमार्श त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. नऊ हजार माणसं हिंडमार्शवर छातीत धडधड होईल असा आवाज करतात, तीच माणसं सनकॉर्पवर विरून जातात. त्यात मुख्य कॅमेरा बहुधा पश्चिमेच्या स्टँडमध्ये असतो, म्हणजे मावळतीचं ऊन भिंगात जात नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सावली त्याच स्टँडवर पडते, म्हणून लोकही तिथेच बसतात, आणि टीव्हीवर दिसतो तो समोरचा उन्हातला रिकामा स्टँड. टीव्हीवरचं एक चित्र दाखवून कुणी लीगची अवस्था सांगत असेल, तर स्टेडियम कुठलं, सामना किती वाजता आणि तापमान किती, हे आधी पाहा.

तिसरी गोष्ट म्हणजे तुलनेचं वर्ष. ८ ऑक्टोबर २०१६ च्या सिडनी डर्बीला, म्हणजे शहरातल्याच दोन संघांच्या सामन्याला, ६१,८८० लोक होते. हा आकडा खरा आहे, पण ती हंगामाची सुरुवात होती, डर्बी होती आणि सामना ऑलिम्पिकच्या मोठ्या मैदानावर होता. डर्बीची तुलना डर्बीशीच करा. २०२०-२१ आणि २०२१-२२ हे कोविडचे हंगाम तुलनेतून सरळ वगळा. २०२२-२३ वापरायचा असेल तर पुढे पैशाबद्दल लिहिलं आहे ते लक्षात ठेवून वापरा.

सॉकरूजचं मोजमाप

‘२०२६ च्या विश्वचषकाला थेट पात्र झालो, म्हणजे सुधारणा झाली.’ हे वाक्य अर्धवट आहे. २०१८ आणि २०२२ च्या पात्रतेत आशियाच्या शेवटच्या मोठ्या टप्प्यात सहा-सहा संघांचे दोन गट होते आणि प्रत्येकातून पहिले दोन थेट जात. ऑस्ट्रेलिया दोन्ही वेळा तिसरी आली आणि प्लेऑफमधून गेली: आधी सीरिया आणि होंडुरास, नंतर संयुक्त अरब अमिराती आणि पेरू. २०२६ साठी आशियाच्या थेट जागा आठ झाल्या आणि सहा-सहाचे गट तीन. त्यामुळे तगडे संघ तीन गटांत विभागले गेले. प्रशिक्षक टोनी पोपोविच यांच्या संघाने पर्थमध्ये जपानला १-० आणि जेद्दाहमध्ये सौदी अरेबियाला २-१ हरवून जपानमागे दुसरं स्थान घेतलं, हे कौतुकाचंच. पण तुलना करायची तर स्थानाची नको, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या निकालांची करा: जपान आणि सौदीविरुद्ध घरी काय झालं, बाहेर काय झालं.

जुनं आणि नवं

चर्चेत ‘बिटर्स’ आणि ‘न्यू डॉनर्स’ हे शब्द येतील. १९७७ ते २००४ चाललेल्या एनएसएल या जुन्या राष्ट्रीय लीगच्या क्लबांशी ज्यांचं नातं आहे आणि २००५ मध्ये आपल्याला बाहेर ठेवलं याची सल ज्यांच्या मनात आहे, ते बिटर्स. नव्या लीगपासून खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला असं मानणारे ते न्यू डॉनर्स. दोन्ही शब्द टोमणे म्हणून वापरले जातात. आपण वापरू नयेत, पण बोलणारा कुठून बोलतो आहे हे त्यावरून ओळखावं.

ही सल समजून घ्यायची तर १६ नोव्हेंबर २००५ ची रात्र पाहा. सिडनीत उरुग्वेविरुद्ध पेनल्टी शूटआउट जिंकून ऑस्ट्रेलिया ३२ वर्षांनी विश्वचषकात गेली. दोन पेनल्टी अडवणारे मार्क श्वार्झर मार्कोनीतून आलेले, निर्णायक पेनल्टी मारणारे जॉन अलोयसी ॲडलेड सिटीतून, कर्णधार मार्क विदुका मेलबर्न नाइट्समधून. म्हणजे नव्या लीगच्या पहिल्याच वर्षी देशाने साजरा केलेला विजय स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या जुन्या क्लबांच्या खेळाडूंनी मिळवून दिला होता. आणि पुढे २०१४ ते २०१९ या काळात क्लबांनी नावात किंवा चिन्हात वांशिक ओळख नव्याने आणण्यावर बंदी होती. ‘आमचा इतिहास पुसला’ असं कुणी म्हटलं तर ते नुसतं रडगाणं नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचं बोलावं.

प्रमोशन-रेलिगेशनचा दावा

हा विषय निघाला की चर्चा तापते. बाजू घेण्याआधी समोरच्याला चार प्रश्न विचारा.

हंगाम कुठला धरणार? ए-लीग ऑक्टोबर ते मे, म्हणजे उन्हाळ्यात. एनपीएल साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. वर चढणाऱ्या क्लबाला विश्रांतीच मिळणार नाही किंवा काही महिने रिकामे जातील. प्रवासाचा खर्च कोण देणार? पर्थ आणि वेलिंग्टन यांच्यात ५ हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि दोन्ही संघ एकाच लीगमध्ये खेळतात. खाली गेलेल्या क्लबाचं काय? लाखो डॉलर भरून परवाना घेतलेला मालक एका वाईट हंगामाने सगळं गमवायला तयार होईल का? आणि मैदान कुणाचं? बरेच जुने क्लब स्वतःच्या जागेवर आहेत, तर ए-लीगमधले बहुतेक क्लब भाड्याच्या स्टेडियमवर खेळतात. या चारांची उत्तरं देऊन कुणी प्रमोशन मागत असेल, तर ते मत वजनाचं आहे.

नुसतं ‘शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांनाही पुरावा दाखवा. सिडनी युनायटेड ५८ हा एनपीएल क्लब २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया कपच्या, म्हणजे ए-लीग आणि खालचे क्लब एकत्र खेळतात त्या बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचला. दुसरीकडे वेस्टर्न युनायटेडसारखा ए-लीग क्लब २०२२ मध्ये विजेता होऊनही २०२५-२६ चा हंगाम पैशाच्या अडचणीमुळे खेळू शकला नाही. म्हणजे वर असणं हीच स्थैर्याची हमी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप सुरू झाली: एनपीएलचे १६ क्लब, चारचे चार गट, त्यानंतर बाद फेरी. तिला लगेच ‘दुसरी श्रेणी’ म्हणणं घाईचं आहे, कारण ती राज्यांचे हंगाम संपल्यावर खेळली जाते आणि तिथून वर जायची वाट अजून नाही. पण मेलबर्न आणि सिडनीचे जुने क्लब पुन्हा एकमेकांच्या शहरात राष्ट्रीय सामने खेळू लागले, ही साधी गोष्ट नाही.

पैसा आणि विश्वास

१२ डिसेंबर २०२२ रोजी एपीएलने पुढच्या तीन ग्रँड फायनलचं (लीगचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम सामन्याचं) यजमानपद सिडनीला विकल्याचं जाहीर केलं. तोवर हा मान जास्त गुण मिळवणाऱ्या संघाच्या गावाला जायचा. ठिकठिकाणी चाहते सामन्याच्या विसाव्या मिनिटाला उठून निघून गेले. पाच दिवसांनी मेलबर्न डर्बीत प्रेक्षक मैदानात घुसले, गोलरक्षक जखमी झाला, सामना थांबवावा लागला आणि मेलबर्न व्हिक्टरीला मोठा दंड झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या हंगामाची प्रेक्षकसंख्या खेळाच्या दर्जाबद्दल फारसं काही सांगत नाही, कारण ती प्रामुख्याने रागाची नोंद आहे.

खेळाडू घडवण्याबद्दल मत ऐकाल तेव्हा क्लबनिहाय पाहा. सेंट्रल कोस्ट मरिनर्स हा लीगमधल्या सर्वांत कमी पैशांवर चालणाऱ्या क्लबांपैकी एक. त्याने तरुणांना खेळवून २०२३ ची ग्रँड फायनल ६-१ जिंकली आणि २०२४ मध्ये पुन्हा विजेतेपद घेतलं. ‘पैसा नाही म्हणून दर्जा नाही’ हे सरसकट विधान इथे अडतं. मात्र असे खेळाडू लवकर परदेशी जातात आणि पुढच्या हंगामात ओळखीचे चेहरे दिसत नाहीत, ही चाहत्यांची तक्रारही खरी.

शेवटची तपासणी मैदानावर जाऊन. हिवाळ्यातला एनपीएलचा एखादा सामना निवडा, दोन जुन्या क्लबांमधला असेल तर उत्तम. पहिल्या संघाच्या सामन्याआधी दीड-दोन तास पोचा, तेव्हा तिथे बहुधा क्लबांच्या तरुण संघांचा सामना चालू असतो. क्रोएशियन क्लब असेल तर कँटीनच्या शेगडीवर पावात घालायच्या चेवापी (खिम्याच्या लांबट वड्या) भाजल्या जात असतील. रांगेत उभं राहा आणि क्लबहाऊसच्या भिंतीवरचे जुने फोटो आणि वर्षं वाचा. मग कुंपणाला टेकून मोजा: आजोबांच्या वयाचे किती, क्लबच्या ट्रॅकसूटमधली मुलं किती, आणि या दोघांच्या मधल्या, वीस ते चाळीस वयाचे किती. बहुतेक मैदानांवर ही मधली ओळ सगळ्यात विरळ असते. तिथे जे दोन-चार जण भेटतील त्यांना ए-लीग पाहता का, आणि नसाल तर कुठल्या वर्षी सोडली, एवढंच विचारा.