काळा घोडाला जाताय? मधला वार निवडा

मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून भरतोय. साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नऊ दिवस, प्रवेश मोफत. म्हणूनच शनिवार-रविवारी रॅम्पार्ट रोवर मुंगीला शिरायला जागा नसते. मांडणशिल्पांपेक्षा सेल्फीवाल्यांच्या पाठीच जास्त दिसतात. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडून चालत जाता येतं, गाडी तर नेऊच नका. रविवारच जमत असेल तर आदल्या रात्री लोकलच्या मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी गाड्या बंद असण्याचं) वेळापत्रक बघा. आणि शेजारचं जहांगीर कलादालन चुकवू नका! १९५२पासून उभं आहे, तिथेही तिकीट नाही. चित्रकार बहुधा चित्रांजवळच बसलेला असतो. बिनधास्त बोला, त्यांना ते मनापासून आवडतं.