गाडीची पुढची काच तडकली? क्लेम टाकण्याआधी कागद-पेन घ्या

उमरेड रोडवर गिट्टीच्या टिप्परमागे गाडी चालवणाऱ्याला काच कशी तडकते हे सांगायला नको. खडा टक्‌ करून लागतो, उडदाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटतो आणि आपण 'जाऊ दे' म्हणून पुढे निघतो. मग मे महिन्यातली एखादी दुपार येते. गाडी तीन तास उन्हात उभी, आत बसल्या बसल्या आपण एसी फुल करतो आणि त्या ठिपक्यातून वीतभर रेघ सरसर निघते. माझ्या दोन गाड्यांच्या मिळून चार काचा अशाच गेल्या.

नुसता ठिपका असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत शिरणार नाही, आणि दोन-चार दिवसांत रेझिन भरून घ्या. ठिपका नाण्याहून मोठा असेल, काचेच्या काठाशी असेल किंवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत असेल, तर भरायच्या फंदात पडू नका. फेविक्विक आणि नेलपॉलिश सुचवणाऱ्यांनी ते स्वतःच्या गाडीवर करून बघावं. लांब रेघ निघाली की दुरुस्तीचा विषय संपला. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, म्हणून ती लगेच अंगावर कोसळत नाही. पण तेवढ्यावर महिनाभर फिरायचं नसतं. बदलेपर्यंत एसीचा झोत काचेवर सोडू नका आणि तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

फोटो काढा. नंबरप्लेट आणि तडा दोन्ही दिसतील असा एक, जवळून दोन.

आता पैशाचं. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर खर्च तुमचा, पुढचे पाच परिच्छेद सोडून द्या. फुल इन्शुरन्स असेल तर मात्र इथे थांबा, कारण मी इथेच फसलो.

पहिल्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, इन्शुरन्स आहे न! हजार रुपये भरा अन् नवी काच घेऊन जा." बिल झालं ७,२०० रुपये. १,००० रुपये सक्तीचा स्वतःचा वाटा आणि काचेभोवतीच्या रबरी बीडिंगचे, चिकटवणीचे थोडे, असे मी १,३५० भरले. बाकीचे ५,८५० कंपनीने दिले. घरी येऊन फुशारकीही मारली. दहा महिन्यांनी रिन्यूअलचा कागद आला, तर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, शून्यावर.

हा बोनस एका वर्षापुरता जात नाही, हे कुणी सांगत नाही. शून्यावरून तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर येतो. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्के सूट गेली, दुसऱ्या वर्षी ३० कमी, मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीवर नाही. माझा ओन डॅमेजचा प्रीमियम सूट धरण्याआधी ६,००० होता. त्याचे १२५ टक्के म्हणजे ७,५००, वर जीएसटी. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, पण ५,८५० साठी तेवढे घालवणं हा काही शहाणपणा नव्हे.

म्हणून पॉलिसीच्या कागदावर ओन डॅमेजची सूट-आधीची रक्कम शोधा. बोनस ५० टक्के असेल तर तिची सव्वापट करा. बिलातून स्वतःचा वाटा वजा करा. तो १,५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० असतो. उरलेली रक्कम सव्वापटीहून कमी असेल तर खिशातून भरा आणि गप्प बसा. काचेमागे एडासचा, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असेल तर बिल भलतंच मोठं येतं, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन म्हणजे पुन्हा जुळवणीही लागते. तिथे बहुतेक वेळा क्लेमच परवडतो. त्याच पॉलिसी वर्षात बंपरचा वगैरे क्लेम आधीच झाला असेल, तर बोनस तसाही गेलेला आहे, बिनधास्त टाका.

"झिरो डेप आहे न, मग बोनस जात नाही," हे मी निदान तीन गॅरेजमध्ये ऐकलंय. साफ खोटं. झिरो डेप म्हणजे पार्टच्या जुनेपणापोटीची कपात, म्हणजे घसारा, न कापणारं कव्हर. बोनस वाचवणारं कव्हर वेगळं असतं आणि ते पॉलिसीवर नावानिशी लिहिलेलं असतं. उलट काचेवर घसारा मुळातच शून्य धरतात. झिरो डेपचा उपयोग फार तर रबर-बीडिंगपुरता, कारण त्यावर निम्मा घसारा कापतात.

क्लेम करायचं ठरलंच तर आधी कंपनीला कळवा, पाहणी होऊ द्या, मगच काच उतरवा. उलटं केलंत तर भांडत बसाल.

काच गाडीच्या कंपनीची घ्या किंवा सेंट गोबेन, असाहीसारख्या नावाची. कोपऱ्यावरचा आयएसआय शिक्का बघा. बसवताना प्रायमर आणि पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटच हवा. साध्या सिलिकॉनवर भागवणाऱ्याकडून गाडी परत आणा. डाव्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकते, म्हणून चिकटवणी महत्त्वाची. सीलंट किती तासांत धरेल ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी तिथेच ठेवा. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दार आपटू नका, धुलाई नको.

आणि फास्टॅग. तो जुन्या काचेवरून सोलून नव्यावर चिकटवता येत नाही, काढताना फाटतो. ज्या बँकेचा आहे तिच्याकडूनच बदली टॅग मागवा, खात्यातली शिल्लक तशीच राहते. मी हे विसरून नव्याकोऱ्या काचेनिशी बोरखेडीच्या टोलनाक्यावर पोचलो होतो. टॅग गॅरेजच्या मागच्या भंगारात, मागे हॉर्नांची रांग, आणि टोल दुप्पट.